कुळागरातली एमजीए: प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३, बांदोडे

गाडी एकदाची सुपारीच्या शेडमधून अंगणात आली. चारही ड्रममध्ये ब्रेक शू गंजून चिकटलेले, चाकं फिरायचं नाव घेईनात. शेवटी खाली माडाचे ओंडके घालून सरकवत आणली. ओढायला कुळागरातले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतले गडी आणि शेजारचे काका, सूचना द्यायला अख्खा वाडा.

गाडी इंग्लंडच्या एमजी कंपनीची एमजीए १५००, दोन सीटांची, उघडी. आजोबांनी १९५८ साली घेतलेली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. सीमेपलीकडे परदेशी गाडी घ्यायची म्हणजे परवान्यांची भानगड, इथे ती मुरगाव बंदरात बोटीतून सरळ उतरायची. रस्त्यावर मात्र पोर्तुगीज अमलातही डावीकडूनच चालायचं, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. मुक्तीनंतर जीडी अक्षरांची पाटी आली. पुढे मामांनी बरीच वर्षं चालवली, क्लच गेला तशी शेडमध्ये लावली आणि ती तिथेच राहिली. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "तुला हवी तर ने बाबा. भंगारवाला फाटकाशी येऊन विचारतोच आहे."

मॉडेल दुर्मिळ नाही, आणि ते माझं नशीब. जून १९५५ मध्ये हिचे तीन नमुने ल माँच्या शर्यतीत धावले, सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, आणि १९६२ पर्यंत इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एक लाखावर बाहेर पडल्या. बहुतेक निर्यातीच्याच. इतक्या गाड्या जगभर असल्यामुळे तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. पैसे लागतात ही गोष्ट वेगळी.

१९ नोव्हेंबर २०२३

आज फक्त पाहणी. हातात जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी. वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, टोचून बघायचं.

चासी हातोडीने वाजवत मागे गेलो. पुढून मध्यापर्यंत आवाज खणखणीत, सीटांच्या मागे आल्यावर बद्द. तिथे बॅटऱ्यांची जागा आहे. या गाडीत बारा व्होल्टची एक बॅटरी नसते. सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन अंगांना, एकापुढे एक जोडलेल्या. वर झाकण असल्यामुळे तिकडे कुणी बघत नाही. अ‍ॅसिड सांडत राहतं आणि खालचं लोखंड खातं. डावीकडचा बॅटरीचा ट्रे ओढला तर हातातच आला.

दारांखालचे सिल बाहेरून गुळगुळीत लाल, टोक लावताच आरपार. चाकांच्या मागच्या कोपऱ्यांत माती आणि सुपारीची सालं भरून कुजलेली. शेडच्या कडेने कुळागराचा पाट वाहतो, तिथली ओल बारा महिने हटत नाही. सुपारीच्या झाडाला ती मानवते, पत्र्याला नाही.

गाडीचा तळ प्लायवूडचा. हे सांगितलं की लोकांना मी थट्टा करतोय असं वाटतं, पण कारखान्यातूनच ती तशी यायची: चासीवर लाकडी फळ्या बोल्टने बसवलेल्या. आमच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, बोल्टांभोवती तेवढा भुगा उरला आहे. माझ्या मते हे बरंच झालं. पत्र्याचा तळ असता तर कापून नवा वेल्ड करावा लागला असता. इथे सुतारकाकांकडे गेलं की काम झालं.

दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, आतली चौकट लोखंडाची. दोन वेगळे धातू एकमेकांना लागलेले आणि मध्ये खारी ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. दारांच्या खालच्या कडा दुमडल्या आहेत तिथे पांढरी पूड साठली आहे. नखाने खरवडली तर कडा बिस्किटागत तुटते.

संध्याकाळी डॅशबोर्डखाली उताणा पडून टॉर्च मारला. वायपरच्या मोटरमागे, जिथे कुणाचा ब्रश पोचला नव्हता, तिथे फिकट निळा रंग. म्हणजे कारखान्यातून आली तेव्हा गाडी ग्लेशियर ब्लू होती. घरात तिला लाल सोडून दुसऱ्या रंगात कुणीही पाहिलेलं नाही. आईलाही विचारलं. "लालच होती," म्हणाली, आणि फोन ठेवला.

३ डिसेंबर २०२३

उकलणं सुरू. नट-बोल्ट पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीसह फोटो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण इथल्या दमटपणात शाई पसरते.

पाने इंची लागतात. माझ्या पेटीतले मिलिमीटरचे पाने जवळपास बसतात आणि नटाची डोकी गोल करून ठेवतात. इंची पान्यांचा सेट फोंड्याच्या एका निवृत्त मेकॅनिककडे मिळाला. त्यांची हयात टॅक्सीच्या अँबॅसेडर दुरुस्त करण्यात गेली. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात, मीही तेच लिहीन. पाने द्यायला आले आणि बॉनेटखाली डोकावून तिथेच थांबले.

इंजिन जाम आहे. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल सारखं मिसळून ओतलं. घाई करायची नाही. जोर लावला की रिंगा तुटतात.

७ जानेवारी २०२४

इंजिन सुटलं. मेस्त्रींनी चौथा गिअर टाकायला लावला आणि गाडी हाताने पुढेमागे इंचभर हलवत राहिले. किती वेळ काही होत नव्हतं, मग कुठेतरी आत टक् असा आवाज झाला.

मग रॉकर कव्हर काढलं. मेस्त्री माझ्याशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होते, नजर माझ्याकडे, आणि उजवा हात पेटीत जाऊन बरोबर पाना घेऊन टॅपेटच्या लॉकनटवर बसला. एकदाही खाली पाहिलं नाही. बोटांना ते इंजिन पाठ होतं.

कारण घराणं एकच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी सिरीज, १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बेतलेल्या अँबॅसेडरमध्ये हेच इंजिन सुरुवातीच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या जागी आलं आणि मग काही दशकं भारतभर धावलं. लग्नाची वरात असो की मंत्र्याचा ताफा, पुढे हेच धडधडायचं. एमजीत त्याला एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट आणि चढं कॉम्प्रेशन, ८.३ ला १. म्हणून ती बहात्तर हॉर्सपॉवरपर्यंत जाते. बाकी क्रँकला तीनच मेन बेअरिंग, साधी पुशरॉडची रचना, सगळं ओळखीचं.

याचा अर्थ अँबॅसेडरचा कुठलाही भाग उचलून लावता येतो असा नाही. पिस्टन तिकडचे चालणार नाहीत, कॉम्प्रेशन पडेल. ते इंग्लंडहून मागवायचे. पण बेअरिंगचे शेल, गॅस्केट, असे बरेच भाग मोजून जुळले तर इथलेच. मेस्त्री डब्यावरच्या नावावर जात नाहीत. मायक्रोमीटर लावतात, मग "घे" किंवा "ठेव" म्हणतात.

मागच्या मेन बेअरिंगला तेलाचं सील नाही. शाफ्टवर उलट्या आट्या कोरल्या आहेत, त्या फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी नाही. तेव्हा गाडीखाली तेलाचे थेंब पडणार. तो दोष नाही, रचनाच तशी.

२८ जानेवारी २०२४

क्रँक आणि ब्लॉक चोर्ला घाटाने बेळगावला, उद्यमबागेत. क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, म्हणजे जर्नल, घासून वीस अंडर (इंचाचे वीस हजारांश कमी), सिलिंडर आतून कातून रिबोअर. हेडला एक्झॉस्टच्या बाजूने कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवायला सांगितल्या. पूर्वी पेट्रोलातलं शिसं त्या सीटना जपायचं. २००० सालापासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आहे, आणि बिडाची मऊ सीट त्यावर हळूहळू खचते. हेड उघडलंच आहे तर हे आत्ताच.

१८ फेब्रुवारी २०२४

आज बॉडी चासीवरून उचलली. उचलण्याआधी दारांच्या दोन्ही चौकटींत चौकोनी पाइपाचे आधार आडवे-तिरपे वेल्ड केले. सिल गेलेली उघडी गाडी तशीच उचलली तर मधोमध वाकते, आणि मग दारं आयुष्यात परत बसत नाहीत. बॉडी धरून ठेवणारे बोल्ट तसे मोजकेच. त्यांतले अर्धे सरळ सुटले, उरलेले ग्राइंडरने.

मामी नारळ घेऊन आल्या. कापाकापी करण्याआधी राखणदाराला, जागेच्या रक्षणकर्त्या देवाला, सांगायला हवं म्हणाल्या. फोडला. खोबरं गड्यांनी खाल्लं.

चासी लगेच कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंगला, म्हणजे कणांच्या जोरदार माऱ्याने गंज आणि रंग उडवायला. तिथे पहिली अट ही घातली की ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. उघडं लोखंड इथे रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर केशरी झाक असते. फेब्रुवारीतसुद्धा.

२४ मार्च २०२४

वेल्डिंग. या नोंदीला सगळ्यात जास्त जागा देतो, कारण गाडीचं भवितव्य इथेच ठरलं.

वेल्डर मिळाला तो जुवारीकाठच्या बार्ज यार्डातला. आयुष्यभर खनिजाच्या बार्जींचे जाड पत्रे जोडलेला, पोलादावर हुकमी हात. माझा सिलचा पत्रा मिलिमीटरभर जाड. त्याने तो दोन बोटांत धरला, हलवून बघितला आणि म्हणाला, "हो पत्रो न्हय रे, पापड!" पहिला पूर्ण दिवस त्याला फक्त भंगार पत्र्यावर सराव करायला दिला. त्याला ते आधी अपमानाचं वाटलं. दुपारी स्वतःच म्हणाला की अजून एक तुकडा दे.

पातळ पत्र्यावर सलग टाका घालत गेलं की पत्रा तापून लाटा येतात आणि त्या परत बसत नाहीत. म्हणून मिग वेल्डिंग, ०.८ मिमी तार, एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा पुन्हा पहिल्याच्या शेजारी, मध्ये गार होऊ द्यायचं. काम कंटाळवाणं. हा मनुष्य दोन ठिपक्यांच्या मध्ये विडी ओढून यायचा, आणि तेवढा वेळ पत्र्याला बरोबर पुरायचा. मी घड्याळ ठेवायचं सोडून दिलं.

सिल बसवताना दारं लावलेली हवीत, यावर मी अडून बसलो. वेल्डरचं म्हणणं, आधी जोडून टाकू, दार मागाहून ठोकून बसवू. पण एमजीएमध्ये दार, सिल आणि पुढचा खांब यांचं गणित एकमेकांत अडकलेलं आहे. सिल दोन मिमी वर गेला तरी दार खांबाला घासतं, आणि अ‍ॅल्युमिनियमची कड ठोकून मागे नेता येत नाही, फाटते. म्हणून बॉडी परत चासीवर ठेवली, बोल्ट आवळले, दारं टांगली, फटीत चार मिमीची पट्टी सरकवून वरपासून खालपर्यंत पाहिली, मग ठिपके. दार उघड, बंद, पुन्हा पट्टी. बाहेरच्या बाजूने या दाराला मूठच नाही. आत हात घालून दोरी ओढायची, की उघडतं. वेल्डरच्या पोराला ती दोरी इतकी आवडली की दार उघडायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं.

डावी बाजू झाली, फट वरून खालपर्यंत सारखी. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात किंचित जास्त आहे. ती मी तशीच ठेवणार. हाताने बनलेल्या गाड्या होत्या, कारखान्यातूनही अशाच यायच्या.

जुने सांधे घासताना पाणी लावून घासायचे आणि नाकाला चांगला मास्क. त्या काळी सांधे शिसं वितळवून भरत, रंगातही शिसं असायचं. कोरडं घासून ती पूड अंगणात उडवायची नाही, शेजारी लहान मुलं आहेत.

१२ मे २०२४

उकाडा. टाकी आणि कार्बोरेटर.

टाकी पंचेचाळीस लिटरची, आत गंज आणि जुन्या पेट्रोलचा डांबरासारखा थर. रिकामी टाकी वेल्ड करायला घेणं म्हणजे बॉम्बशी खेळ, आत वाफ उरलेली असते. धुतली, पाण्याने भरली, वेल्ड करायच्या जागेपुरतीच पोकळी ठेवली, मग भोक बुजवलं. गंज काढायला आत साखळीचे तुकडे टाकून हलवली आणि नंतर लिंबूफुलाचं पाणी भरून ठेवलं.

कार्बोरेटर दोन, एसयू एच ४, दीड इंची. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम, उकडून घासले की नव्यासारखे दिसतात. पण जेटच्या खालचं सील मुळात बुचाच्या लाकडाचं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल आहे आणि त्याचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत जातं. ते जुनं बूच आणि रबर दोन्ही बिघडवतं. शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोव्यात हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो. तेव्हा सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, जेटची सीलं नव्या पद्धतीची, आणि पावसाळ्यात उभी करायची तर टाकी रिकामी. जुन्या गाडीवाल्यांनी निदान एवढं करावंच.

९ जून २०२४

पाऊस लागला. रंगकाम बंद, प्रायमर बंद.

या दिवसांत छपराखाली करण्यासारखं काम म्हणजे गंज काढणं. छोट्या भागांना दोन उपाय लावले आहेत. एक विजेचा: प्लास्टिकच्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टील धन बाजूला कधीही लावू नये, पाण्यात क्रोमियम उतरतं आणि ते विषारी. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून ड्रम उघड्या पडवीत, विडीवाल्यांना तिकडे बंदी.

दुसरा उपाय मळीचा. गुरांच्या खाद्यासाठी मिळणारी उसाची मळी, एक भाग मळीला नऊ भाग पाणी, त्यात भाग बुडवून आठवडे न् आठवडे विसरायचे. चांगलं लोखंड तसंच राहतं, गंज सुटून येतो. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यात घालायचं नाही, खाऊन टाकते. वास असा येतो की मामींनी ड्रम गोठ्यामागे हलवायला लावला.

२१ जुलै २०२४

वायरिंग. जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात, जेवण पाटावर.

मूळ वायरी कापडी वेष्टनाच्या, बऱ्याचशा उंदरांनी खाल्लेल्या. रंगांची भाषा मात्र लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचीच, जी अँबॅसेडरमध्येही होती: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. सगळ्या गाडीला मिळून फ्यूज दोनच. नवी वायर आणली ती याच रंगांची, म्हणजे पुढे कुणी उघडलं तरी शिव्या देणार नाही. अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, ते तसंच ठेवतोय. अनेकजण निगेटिव्ह करून घेतात. आधुनिक रेडिओ लावायचा असेल तर ते ठीक. मला लावायचा नाही.

सीटांचं ठरलं. मूळ कातडं होतं, पण या हवेत कातड्यावर आठवड्याभरात हिरवी बुरशी येते. रेक्झिन.

१ सप्टेंबर २०२४

चवथ तोंडावर. पडवी रिकामी करून द्यावी लागली, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीची तयारी तिथेच होते. गाडीचे भाग माळ्यावर. अनंत चतुर्दशीपर्यंत हात लावणार नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

हवा कोरडी झाली, रंगाचे दिवस आले. दमट हवेत फवारलेला रंग सुकताना वरच्या थरात पाणी अडकतं आणि पांढुरका डाग धरतो, म्हणून नोव्हेंबरची वाट पाहिली.

आधी दारांची कामं. अ‍ॅल्युमिनियमचे खालचे तुकडे नवे, आणि कड दुमडण्याआधी लोखंडी चौकटीवर इपॉक्सी व वर सीलंट, म्हणजे दोन धातू एकमेकांना उघडे लागणार नाहीत. पोकळ भागांत मेण फवारलं. सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, तारेने तपासलं.

रंग घरी मारायचा मोह होता. पण आताच्या दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तेव्हा घासणं, पुट्टी, प्रायमर घरी आणि शेवटचे थर बूथमध्ये.

आणि रंग कोणता? ओळखीतल्या जुन्या गाडीवाल्यांचं एकमत: निळा, कारखान्याचा. मला ते पटत नाही. आजोबांनी दोनतीन वर्षांत स्वतः ती लाल करून घेतली, मामांनी लालच ठेवली, बांदोड्यापासून म्हार्दोळपर्यंत लोक तिला "ती तांबडी गाडी" म्हणून ओळखतात. कारखान्याची पाटी म्हणजे वेद नव्हे. तोडगा असा: लाल, पण एमजीएच्याच यादीतला, ओरिएंट रेड. डॅशबोर्डमागचा निळा तसाच सोडला आहे, ज्याला इतिहास बघायचा त्याने उताणं पडावं.

९ फेब्रुवारी २०२५

सुतारकाकांनी तळाच्या फळ्या बनवल्या. मरिन प्लाय, १० मिमी, कडांना इपॉक्सीचे दोन हात. मूळ भोकांचे साचे मी कागदावर उतरवून दिले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि चासीवर फळी टेकवून खालून पेन्सिलीने खुणा केल्या. सगळी भोकं जागेवर.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर मजेशीर आहे. एकाच बिडाच्या ठोकळ्यात दोन नळकांडी, एक ब्रेकचं, दुसरं क्लचचं. मामांच्या क्लचचा घात इथेच झाला होता. क्लच प्लेट ठणठणीत, सिलिंडरची भिंत गंजून खड्डे पडलेले, तेल टिकत नव्हतं. आतून स्टेनलेसची स्लीव्ह घालून घेतली, नवे रबर. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. हे मी डब्यावर लिहून ठेवलं आहे, कारण पुढे माझ्यानंतर कुणी वापरेल त्याला कळायला हवं.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे डिस्क १६०० मॉडेलपासून, १९५९ मध्ये आले. "डिस्क बसवून टाक," असं सांगणारे येतात. तेच लोक "जपानी इंजिन घाल, एसी लाव" असंही सांगतात.

६ एप्रिल २०२५

इंजिन चालू झालं.

आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, ऑइलच्या काट्याने हलून दाब दाखवेपर्यंत. मग प्लग लावले, वायरी १-३-४-२ क्रमाने. चावी फिरवली की मागचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टिकटिकू लागतो, दोन्ही फ्लोट भरले की टिकटिक थांबते. मेस्त्री कान तिकडे लावून उभे होते. थांबली तशी बोट वर केलं. मी स्टार्टर ओढला. इंजिन पहिल्यांदा खोकलं, मागच्या नळीतून ठस्स, दुसऱ्यांदा लागलं.

मग त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. दोघांचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवत गेले. माझ्याकडे त्यासाठी मीटर होता. नंतर लावून बघितला, काही बदलावं लागलं नाही.

मामी पायरीवर आल्या. म्हणाल्या, आवाज मोठा आहे, पूर्वी एवढा नव्हता. सायलेन्सर नवा आहे, मी म्हटलं. "मग जुना बरा होता."

१८ मे २०२५

फर्मागुडीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये बिनबोभाट चढते. पाण्याचा काटा वर जातो पण थांबतो. स्टिअरिंग थेट, आताच्या गाड्यांसारखं सैल नाही. परत आल्यावर खाली पत्र्याचा ट्रे ठेवला, तेलाचे थेंब पडले, अपेक्षेप्रमाणे.

आता कागद. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारी वापराची नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि व्हीए मालिकेची पाटी, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आमची जीडी पाटी राहणार, घरात याचाच आनंद सगळ्यात जास्त. नोंदणी दहा वर्षांची, फेरनोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला ती चालवायची नाही: रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको अशी अटही आहे. जपानी इंजिनवाल्यांना हे परस्पर उत्तर मिळालं. मामांच्या नावावरून गाडी वारसाकडे घेण्याचा अर्ज आधी, तो मामींच्या नावाने भरला आहे. मुरगावच्या जकातीचा शिक्का असलेला पोर्तुगीज कागद आजोबांच्या जमिनीच्या दस्तांत सापडला, तो जोडला.

तपासणी व्हायची आहे. एक प्रश्न नक्की येणार. १५०० मॉडेलला वेगळे इंडिकेटर नाहीत. मागे ब्रेकचेच लाल दिवे आणि पुढे पार्किंगचेच पांढरे दिवे एका रिलेमार्फत लुकलुकतात. ब्रेक दाबून वळलं तर एक दिवा स्थिर, दुसरा उघडझाप. बघणाऱ्याला वायरिंग बिघडलंय असंच वाटेल. हँडबुकातल्या त्या पानाची झेरॉक्स काढून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली आहे. बाजूच्या पडद्यांचं रेक्झिन अजून शिवून यायचं आहे, ते पाऊस लागायच्या आत मिळालं तर बरं.